कॅमेरा घरी ठेवून आलेले मामा

दिनकररावांची आणि माझी ओळख डिंकामुळे झाली. इथल्या नगरा वस्तीत त्यांनी फोटोचं दुकान नवं थाटलं होतं आणि आम्ही मागच्याच गल्लीत राहायला आलो होतो. एका दुपारी ते लग्नाच्या फोटोंचा गठ्ठा आणि कोरा अल्बम घेऊन दारात उभे. म्हणाले, "जिज्जी, तुमची रांगोळी पाहिली. रेघ सरळ येते. एवढे फोटो चिकटवून द्याल?" इकडे हिंदी मुलखात थोरल्या बहिणीला जिज्जी म्हणतात, तेव्हापासून मी त्यांची जिज्जी. मी म्हटलं, "द्या की, शेजारधर्म आहे." तर गृहस्थांनी गठ्ठा परत काखोटीला मारला. "शेजारधर्माने लोणचं पाठवा. हे काम आहे. पैसे घेणार असाल तरच देतो."

मी चौथी शिकलेली बाई. लाजले, पण घेतले. त्या पहिल्या कमाईचा पितळी डबा अजून फळीवर आहे. त्यात गोडा मसाला असतो. इथे चांगला मिळत नाही, मी घरीच करते, ते असो.

दिनकररावांचं काम हा गौरवग्रंथ वाचणाऱ्या तुम्ही सर्वांनी पाहिलं आहे. नवरीला ते कधी "हस" म्हणत नाहीत, नुसते थांबतात. एकदा जवळच्या मोठ गावातल्या एका लग्नात मुलीचे वडील मांडवामागे जाऊन डोळे पुसत होते. "तो फोटो काढलात का?" असं मी नंतर विचारलं. म्हणाले, "जिज्जी, कुणी पाहू नये म्हणूनच ते मागे गेले होते ना?"

आता माझी चूक सांगते. माझ्या शालूचं लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, "भैया, फोटो तुम्हीच काढायचे हं. घरचंच कार्य, पैशाचं काय ते आपल्यात!" ते म्हणाले, "जिज्जी, मी कामाला येऊ की लग्नाला?" मला भारी राग आला. त्यांच्याकडून प्रत्येक अल्बमाचे पैसे घेणारी मी, घरी येऊन यजमानांना म्हणाले, "माणूस पैशाचा निघाला."

लग्नाच्या दिवशी ते कोरं धोतर नेसून, आहेराची साडी घेऊन आले. गळा रिकामा. "कॅमेरा घरी ठेवलाय. आज मी मामा." मला सख्खा भाऊ नाही, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. शालूला बोहल्यावर त्यांनीच आणलं. फोटो दुसऱ्या एका फोटोवाल्याने काढले, त्याला आम्ही पैसे दिले. त्या अल्बमात दिनकरराव पानोपानी आहेत. कॅमेऱ्यामागे असते तर एकाही पानावर नसते.

पुढे मोबाईल आले आणि जो तो फोटोवाला झाला. एका हॉटेलवाल्याने भिंतींवर लावायला किल्ल्याचे फोटो मागितले, "खाली तुमचं नाव लावू" म्हणाला. दिनकरराव म्हणाले, "नाव माझ्या दुकानावर आहेच. घरमालक भाड्यात ते धरत नाही." फोटो मग कुणा हौशी माणसाने फुकट दिले. अशी फुकट कामं वाढत गेली आणि दिनकररावांच्या शेजारचा फोटोवाला दुकान बंद करून एका कापडाच्या दुकानात कामाला लागला. दिनकरराव मात्र अडून बसले आणि टिकले.

शालूची मुलगी मुग्धा त्यांच्याच हाताखाली शिकली. आता तिचं स्वतःचं दुकान आहे. पण आपल्या माणसांनी तिला भंडावून सोडलं. "बेटा, दो-चार फोटो खींच दे!" दोन-चार म्हणता म्हणता पोरीचा अख्खा दिवस फुकटात जातो. शेवटी वैतागून तिने बँकेच्या परीक्षेचा फॉर्म छापून आणला.

नेमकं तेव्हाच दिनकररावांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी आपल्या मंडळाची बैठक झाली. मंडळाचे चिटणीस म्हणाले, "पहिल्या पानावरचा फोटो मुग्धा काढेल, घरचीच मुलगी." मी आनंदाने उभीच राहिले. "काढेल की! पैसे कसले त्यात?" टाळ्या पडल्या. घरी आल्यावर मुग्धा म्हणाली, "आजी, मेरी तरफ से तुमने हाँ बोल दी? अब फॉर्म भी तुम ही भर दो."

दिनकररावांच्या कानावर हे गेलं. दुसऱ्या दिवशी ते चिटणिसांकडे हजर, मीही तिथेच होते. "माझ्या फोटोची जागा कोरी ठेवा."

"अहो, गौरव तुमचाच आहे!"

"म्हणून तर! आज ही फुकट काढेल. उद्या तुमच्याकडच्या मुंजीला तुम्ही दुसऱ्या फोटोवाल्याला हिचंच उदाहरण द्याल. माझ्या नावाने कुणाची चूल विझवू नका." मग माझ्याकडे वळले. "आणि जिज्जी, तुम्हीसुद्धा? आणा माझा पितळी डबा परत!"

सगळे हसले. मला हसू येईना. मीच चिटणिसांना म्हटलं, "काल मी चुकून बोलले. मुग्धा पैसे घेईल. नाहीतर जागा खरंच कोरी ठेवा."

पैसे आधी पोचले, मग मुग्धाने त्यांना लक्ष्मी ताल या तळ्यावर, महालक्ष्मीच्या देवळाजवळच्या पायरीवर बसवलं. "मामाआजोबा, हनुवटी थोडी खाली. नाही, फिर से." एवढे मोठे गुरू, पण शिष्या सांगेल तसे मुकाट्याने बसले. तो फोटो या ग्रंथात पहिल्याच पानावर आहे, खाली तिचं नाव आहे. त्या चार दिवसांत तिला आणखी दोन लग्नांची कामं मिळाली, दोन्ही रीतसर पैसे ठरवून. परीक्षेचा फॉर्म तसाच पडून होता. त्याच्या कोऱ्या पाठीवर मी हा लेख लिहिला. मात्रा मुग्धाने सुधारल्या.

दिनकररावांनी पंचाहत्तरी गाठली. महालक्ष्मी त्यांची नजर आणि गुडघे दोन्ही शाबूत ठेवो. शंभरीचा फोटोही मुग्धाच काढेल आणि रीतसर पैसे घेईल. मी असले तर अल्बम मी चिकटवीन. माझेही पैसे काढून ठेवा, भैया.