दोरीमामाने न मारलेली गाठ

दोरीमामाने मला फसवलं, हे आधीच सरळ सांगून टाकतो. पैशात नव्हे. पैशात मला फसवणारा माणूस पालघरपासून तारापूरपर्यंत अजून जन्माला यायचा आहे. त्याने मला धुण्याच्या खोलीत फसवलं, दिवसाढवळ्या, चार माणसांसमक्ष, आणि वर माझ्याच घरचा चहा पिऊन गेला.

मामा गवंडी होता. जन्मला तारापूरकडच्या मच्छीमारांच्या घरात, पण होडीत पाय ठेवला की ओकायचा. बापाने कंटाळून त्याला किनाऱ्यावर सोडला आणि त्याने थापी हातात घेतली. दर्यावरून त्याने दोनच गोष्टी आणल्या, जाळ्याची दोरी आणि जाळ्याची गाठ. टेपला त्याने कधी हात लावला नाही. कमरेला दोरीचं वेटोळं असायचं. जागा तो नंतर मापायचा, आधी माणूस मापायचा. गुडघ्याला एक गाठ, कमरेला एक, खांद्याला एक आणि डोक्यावर चार बोटं सोडून शेवटची. शेवटची गाठ बसली की कोयत्याने दोरी तिथेच तोडायची. "पुढं दोरी रायली की मन चळतं," असं त्याचं म्हणणं. एका घराला एक दोरी.

तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा आमच्याकडचा जो तो तिथे कामाला धावला. मामाही गेला आणि पंधरा दिवसांत परत आला. मी विचारलं, "काय मामा, हाकललं?"

"नाय. साहेबाला इचारलं, हितं रानार कोन? तर म्हनतो मशीन. आता मशीनच्या डोक्याचं दार मी कसं काडू?"

मी मात्र त्या बांधकामावर माणसात आलो. त्याआधी बोईसर स्टेशनाबाहेर सुक्या बोंबलांची टोपली घेऊन बसायचो. मग कामावर येणाऱ्या मशिनांच्या खोक्यांची लाकडं घ्यायला लागलो. घासाघीस करून घ्यायची, घासाघीस करून विकायची. घरावर नवी कौलं चढली. परसात बायको मात्र त्याच जुन्या काळ्या दगडाशी उकिडवी बसून धुणं बडवत होती. विहिरीचं पाणी मचूळ, साबणाला फेस येईना, म्हणून चार फटक्यांच्या जागी आठ. उठताना ती कमरेवर हात ठेवून "आई गं" म्हणायची. पडवी पाडून तिथे धुण्याची पक्की खोली करायचं मी ठरवलं. खोटं कशाला बोलू, त्या "आई गं"साठी नव्हे. समोरच्या वखारवाल्याने परसात न्हाणीघर बांधलं होतं आणि आल्यागेल्याला नेऊन दाखवत होता.

मामा माझ्या बायकोच्या माहेरच्या गावचा. ती त्याला मामा म्हणे, म्हणून मीही. मी त्याला चुन्याने जमिनीवर नकाशा काढून दाखवला. दार सहा फुटी, रस्त्याकडे मोठी खिडकी, लाल कोबा. मामाने नकाशा पाहिला आणि त्यावरच बसून विडी पेटवली.

"खिडकी कशाला, शेट?"

"लोकांना दिसायला नको?"

"काय? पोरीचं लुगडं पिळताना?"

मग भाव. त्याने आकडा सांगितला, मी निम्मा सांगितला. इथे समोरचा छाती पिटतो, पोराबाळांच्या शपथा घेतो, दोन पावलं निघून जातो आणि परत येतो. सौद्याचा जीव त्यातच असतो. मामा म्हणाला, "बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हंजे खिडकी गेली."

मी आणखी खाली ओढलं.

"बरं. लाल कोबा बी गेला."

"अरे, तू भांडत का नाहीस?"

"तुमी भांडताय की. दोगांनी भांडल्यावर काम कोन करल?"

पुढचे तीन दिवस त्याने विटेला हात लावला नाही. सकाळी यायचा, परसात बसायचा आणि माझी बायको धुणं कसं धुते ते पाहत राहायचा. माझं डोकं फिरलं. "मामा, काम कधी सुरू होणार?"

"चाललंय की. शेट, पोर डावरी हाय, म्हाइत हाय का?"

"कोण डावरी?"

"तुमची बायको. पिळते डाव्या हातानं, टाकते डाव्या खांद्यावर. पानी उजवीकडून घेते म्हनून पाठ पिळवटते. सगल्या लुगड्यांबरोबर रोज सोताला बी पिळते ती."

लग्नाला आठ वर्षं झाली होती. मी मान डोलावली, जणू मला ठाऊकच होतं. चवथ्या दिवशी त्याने बायकोला उभं केलं आणि गाठी मारल्या. टाकी डावीकडे ठरली. धुण्याचा दगड जमिनीवर नाही, चौथऱ्यावर, तिच्या कमरेएवढा उंच. मी ओरडलो, "दगड काय देव आहे चौथऱ्यावर बसवायला? लोक हसतील!"

"हसू द्या. हसताना कंबर दुखत नाय."

याच वेळी, शेवटची गाठ मारून झाल्यावर, हातात दोरी तशीच धरून तो म्हणाला, "शेट, या हिकडं. तुमचं बी माप घेतो. दार, दगड, दोगांना बसल असं मदे काडतो."

गडी ऐकत होते. वखारवाला कुंपणापाशी उभा होता. मी जे काही बोललो त्यातलं छापण्याजोगं एवढंच, "मी काय बायकांसारखा धुणी बडवणार आहे? माझा संबंध काय त्या खोलीशी?"

बायकोने तोंडाला पदर लावला. मामा म्हणाला, "बरं."

खोली झाली. मी वखारवाल्याला मुद्दाम बोलावलं आणि नारळ घेऊन ऐटीत आत निघालो. दाराची चौकट कपाळावर अशी बसली की नारळाआधी मीच फुटलो. दार बायकोच्या उंचीचं होतं, वर चार बोटं. मी तिच्याहून वीतभर उंच.

"पाड ते दार!" मी कपाळ धरून गरजलो.

"पाडतो. पोरीला इचारा."

बायको आत दगडाशी उभी होती. पाठ ताठ. माझ्याकडे न पाहताच तिने सांगितलं, "राऊ दे. मला बरं पडतं." माझ्या शब्दाला तिने दिलेला तो पहिला नकार. मामाने चहाची बशी तोंडाला लावली आणि मोठ्याने फुरका मारला. त्या दिवसानंतर माझ्या घरात "आई गं" ऐकू आलं नाही, हे मी खूप नंतर ध्यानात घेतलं. मामाला तर कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "बरं" म्हणाला असता.

मामा वारला तेव्हा मी त्याच्या गावी गेलो होतो. झोपडीच्या आढ्याला दोऱ्या टांगलेल्या, सुकायला घातलेल्या लांबट वाकटी मासळीसारख्या, घराला एक. त्याचा मुलगा म्हणाला, "तुमची घेऊन जा, शेट. ही बगा, शेंडी ऱ्हायलेली." बाकीच्या सगळ्या दोऱ्या शेवटच्या गाठीपाशी तोडलेल्या होत्या. आमच्या दोरीला बायकोच्या चार गाठी, आणि पुढे वीतभर दोरी, कोरी. गाठ मारलेली नाही आणि तोडलेलीही नाही.

आता माझी खरी तक्रार ऐका. गेल्या वर्षापासून बायकोचा डावा हात उचलत नाही. कामवालीच्या हातचं धुणं तिला पसंत पडत नाही. म्हणून मी धुतो. तिच्या कमरेएवढा दगड माझ्या मांडीशी येतो. पिळताना माझी पाठ मोडते आणि बाहेर पडताना कपाळ. ती पायरीवर बसून हुकूम सोडते, "डाव्या खांद्यावर टाका. अहो, डावा! वाका जरा, दार हाय!" उठताना आता मी "आई गं" म्हणतो आणि ती पदराआड हसते.

मामाचा मुलगा ठेकेदार आहे, त्याच्याकडे टेप आहे. त्याने सांगितलं, एका दिवसात चौथरा उंच करून देतो. मी भाव पाडून हातही मिळवला होता. बायको म्हणाली, "करू नका. उद्या माजा हात उचलला की मला उंच पडंल." मी त्याला परत पाठवला, रिकाम्या हाती.

ती दोरी खोलीत खिळ्याला टांगली आहे. रोज तिच्याकडे पाहून माझं रक्त उकळतं. मामाला ठाऊक होतं, एक दिवस मी त्या दगडाशी उभा राहणार. म्हणूनच दोरी तोडली नाही. मग गाठ का मारली नाही? मी तोंडाने नाही म्हणालो, कबूल. पण बाजारात बसणाऱ्या शेंबड्या पोरालाही कळतं की पहिला नाही हा नाही नसतो. बोंबील विकणारी बाईसुद्धा गिऱ्हाइकाला तीनदा हाक मारते. मी आयुष्यभर लोकांना दहा-दहा वेळा विचारत आलो, आणि ह्या माणसाने मला एकदा विचारलं, एकदाच, आणि "बरं" म्हणून दोरी गुंडाळली. हा कुठला सौदा? दुसऱ्यांदा का नाही विचारलंस, मामा? जाब दे!