वसुधाबाई कर्कवृत्तावर जातात

कर्कवृत्त भोपाळपासून किती लांब? गाडीने तासाभरावर. वसुधाबाई दांडेकरांनी ते फळ्यावर किती वर्षं काढलं? एकतीस. आणि प्रत्यक्ष किती वेळा पाहिलं? एकदाही नाही. सांचीच्या रस्त्यावर लागतं खरं, पण शाळेच्या सहलीत बाई नेहमी मुलं मोजण्यात गुंतलेल्या, आणि एरवी बस लागते म्हणून डोळे मिटून बसलेल्या.

"जाऊ गं, पळून जातंय का ते?" विश्वनाथराव दरवर्षी म्हणायचे.

ते पळालं नाही, बाईच निघाल्या. एक जुलैला कोटरा सुल्तानाबादचं तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून नाशिकला, मुलाकडे. म्हणजे हा एकवीस जून शेवटचा. बाईंना नुसती रेघ बघायची नव्हती. वर्षातून एकदाच, भर दुपारी, त्या रेघेवर उभ्या माणसाची सावली नाहीशी होते, असं त्यांनी एकतीस वर्षं पोरांना छातीठोकपणे सांगितलं होतं. ते एकदा स्वतःच्या पायांपाशी घडताना बघायचं होतं.

त्यांनी बेत कागदावर उतरवला. साडेनऊला निघणे. अकराला थालीपीठ. पावणेबाराला जागा धरणे. बारा – सावली.

"एवढ्या कागदावर आम्ही पिपलानीतून अख्खं टर्बाइन बाहेर काढायचो," विश्वनाथराव म्हणाले. छत्तीस वर्षं तिथल्या कारखान्यात फोरमन होते, त्यामुळे बोलायचा हक्क होता.

"तुम्ही बोला. टोपी घ्या म्हणजे झालं."

आदल्या संध्याकाळी बाईंनी व्हॅनवाल्या जितेंद्रला फोन लावला. एक तारखेला सामान न्यायलाही तोच येणार होता. आता बाईंचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेलं.

"जितेंद्र भैया, कल गाडी गेटपे उभी मत करना. मेरे गुडघे दुखते हैं. एकदम खाली लाना."

"खाली लाऊं, मैडम?"

"हां हां, पूरी खाली!"

"हो जाएगा. आप टेंशनई मत लो."

सकाळी साडेनऊच्या ठोक्याला जिन्याशी हॉर्न वाजला. बाई कठडा धरत तीन मजले उतरल्या, मागून थर्मास आणि डबा घेऊन विश्वनाथराव. जितेंद्रने मोठ्या ऐटीत व्हॅनचं दार सरकवलं. आत मागच्या भागात झाडून लख्ख केलेला पत्रा. सीट एकही नाही.

"सीटें कहां हैं?"

"घर पे, मैडम, कोलार रोड. आपई ने तो बोला, पूरी खाली लाना. अपन ने सोचा शिफ्टिंग आजई हो रिया है. सुबे छे बजे से बोल्ट खोल रिये हैं!"

"अरे, खाली मतलब नीचे! नीचे रे!"

"तो नीचे भी तो लाए हैं, मैडम."

विश्वनाथराव जिन्याच्या पायरीवर बसून हसायला लागले. "अगं, दोन्ही भाषांत बरोबर आणली त्याने. पैकीच्या पैकी दे!"

पुढची एक सीट तेवढी शाबूत होती. ते उठले, म्हणाले, "तू पुढे बस नि जा. मी राहतो."

"नको."

"का?"

"मी एकटी बघून आले तर तुम्ही म्हणाल, कशावरून? मला साक्षीदार लागतो."

विश्वनाथराव पुन्हा पायरीवर टेकले. जितेंद्र कोलारला पळाला, सीटा घेऊन अकरा वाजता परत आला, आणि गाडी निघाली. बारा वाजले तेव्हा पुढे भुशाचा ट्रॅक्टर होता आणि कर्कवृत्त अजून दहा मिनिटं लांब.

"राहिलं," बाई म्हणाल्या.

नवऱ्याने टोमणासुद्धा मारला नाही. म्हणजे खरंच राहिलं होतं. मागे वळायचं का, असं जितेंद्रने विचारलं, तेव्हा बाईंनी नुसता हात हलवला. चल, आलोच आहोत तर.

रस्त्यावर आडव्या रंगवलेल्या दोन रेघा. कडेला हेल्मेट काखेत धरून फोटो काढणारी पोरं. बाई कडेच्या ओट्यावर, रेघेच्या टोकाशी, सांचीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खाली पाहिलं. डाव्या पायाला लागून सावलीची चपलेएवढी पट्टी. गेली वेळ, आता वाढतच जाणार.

आणि एकदम त्या ताठ झाल्या. "अहो, उत्तर समोर ना? मग माझ्या डाव्या हाताला काय आहे?"

"खड्डा."

"दिशा विचारतेय!"

"पश्चिम."

"सावली पश्चिमेला. मग सूर्य कुठे?"

"पूर्वेला, बाई," विश्वनाथराव पाचवीतल्या पोराच्या आवाजात म्हणाले.

"म्हणजे अजून डोक्यावर आलाच नाही! अहो, बारा वाजले ते मिर्झापूरचे! अख्ख्या देशाचं घड्याळ तिकडचं, आपण पाच अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं..."

"वीस. या चुकीला तू पोरांना शून्य द्यायचीस."

"मग द्या मला शून्य! द्या!" बाई हसत सुटल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

"देखा मैडम," जितेंद्र म्हणाला, "अपन टैम पे ई लाए."

बारा वाजून बावीस मिनिटांनी बाईंनी साडी घोट्यापर्यंत उचलून धरली. "दिसते का हो?"

"नाही."

"नीट बघा."

विश्वनाथराव गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. बायकोभोवती एक पुरती फेरी मारली, रेघेच्या या बाजूने, त्या बाजूने. पोरं फोटो काढायचं सोडून त्यांच्याकडे बघत राहिली.

"नाही गं, कुठेच नाही," ते म्हणाले. "मी सांगेन नाशिकला सगळ्यांना."