सव्वा महिन्याची टाकी

माझ्या डायरीत रोज तीनच गोष्टी लिहायच्या असा नियम होता : पाण्याचं तापमान, खारटपणा आणि माशांची तब्येत. किस्से लिहायचे नव्हते. पण काचेवर शेवाळ धरतं तसे ते समासात धरत गेले. नव्वदच्या आसपासच्या त्या वर्षांत घरी समुद्री मासे पाळणारे आम्ही तिघे : मेहरूणला मी, दोन गल्ल्या पलीकडे रिटायर झालेले नाना, आणि धुळ्याचे गणिताचे सोनवणे सर. विचारायला कोणी नाही. चुका स्वतःच करायच्या आणि शिकायचं!

*

पहिली चूक नानांची. त्यांच्या टाकीत सात मासे. मुंबईहून आठवा आणला, पिशवी फोडली आणि सोडला थेट टाकीत. चार दिवसांनी मला बोलावलं. सगळ्यांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अय्या, किती छान नक्षी!"

नक्षी म्हणजे किडे होते. आठवड्यात आठातले सात मासे गेले. पांढऱ्या पट्ट्यांचा एक नारिंगी जोकर मासा तेवढा वाचला.

"भाऊ, बठ्ठा गयात," नाना म्हणाले. "हाऊ एकलाच शे."

त्या दिवसापासून जोकराला काही होऊ द्यायचं नाही, हे आम्हा तिघांचं काम झालं.

*

मी ग्रंथालयातली जुनी मासिकं चाळली. हा किडा माशाच्या अंगावरून गळतो, तळाशी चिकटून बसतो आणि काही आठवड्यांनी फुटून पुन्हा मासा शोधतो. म्हणून नवा मासा महिनाभर तरी वेगळ्या टाकीत ठेवायचा. जाळी वेगळी, बादली वेगळी. हे सगळं मी थोरल्या बहिणीला, अक्काला, पाऊण तास समजावून सांगितलं.

अक्का भाकरी थापत होती. म्हणाली, "म्हणजे बाळंतिणीची खोली. सव्वा महिना. एवढ्यासाठी पुस्तकं कशाला लागतात?"

टाकीला नाव तेच पडलं.

*

समुद्राचं पाणीसुद्धा आणलं की तीन-चार आठवडे झाकून ठेवायचं. मासा मिळाला नाही की त्यातला किडा उपाशी मरतो. एकदा सुरतेहून धुळ्याच्या एस.टी.त मी दोन मोठे कॅन चढवले.

कंडक्टर म्हणाला, "डबामा काय शे?"

"समुद्र."

त्याने शांतपणे लगेजचं तिकीट फाडलं. "बरं. गाडीत भरती येऊ देऊ नका!"

*

औषध म्हणून वेगळ्या टाकीत अगदी मोजून मोरचूद टाकायचो. मोरचूद मिळतो शेतीच्या दुकानात. जामनेरला कामासाठी गेलो होतो, तिथे मागितला.

"पीक कोणतं?"

"मासे."

"किती एकर?"

"दोन फूट बाय एक फूट."

दुकानदाराने आत हाक मारली, "चिमूटभर मोरचूद बांधा रे, मोठे बागाईतदार आलेत!"

*

संशय आला तर मासा तीन मिनिटं गोड्या पाण्यात धरायचा. काही किडे गळतात, मासा टिकतो. सोनवणे सरांचा घड्याळावर विश्वास नव्हता. दोन ते बाराचे पाढे म्हटले की बरोबर तीन मिनिटं होतात, असा त्यांचा हिशोब.

एकदा आठाच्या पाढ्यात सरांच्या बायकोने, म्हणजे धुळ्याच्या वहिनींनी, विचारलं, "भरीत करू का?" सर गडबडले आणि पुन्हा दोनापासून सुरू झाले. मासा बादलीत आडवा! वहिनींनीच जाळी घालून तो उचलला आणि खाऱ्या पाण्यात सोडला. मासा जगला.

वहिनी म्हणाल्या, "वर्गातल्या पोरांचंही असंच करता का हो?"

*

नानांचा जोकर दोन वर्षं एकटा होता. त्याला सोबत म्हणून त्यांच्या मुलाने मुंबईहून दुसरा जोकर आणला. नानांकडे टाकी एकच, म्हणून नव्याचा सव्वा महिना माझ्याकडे. नाना रोज यायचे, टाकीपाशी बसायचे.

सदतीस दिवस झाले. अंगावर एक ठिपका नाही. सोनवणे सर मुद्दाम धुळ्याहून आले. अक्काने बादलीला कुंकू लावलं. नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले, बाही वर केली आणि टाकीत हात घातला. मासा सरळ येऊन त्यांच्या बोटाला लागला!

"नाना, ही ओळख कधीची?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही ऑफिसातून यायच्या आधी मी रोज याला हाताने चारायचो. मग घरी जाऊन त्याला."

"हात धुवून?"

"धुतला तर वास कसा राहील भाऊ? दोघांना एकमेकांची सवय लागायला नको?"

जाळी वेगळी, बादली वेगळी, आणि हात एकच!

सोनवणे सर खाली बसले. मी म्हणालो, "आता दोघांनाही पुन्हा सव्वा महिना."

नानांनी जरा विचार केला. "दोघांवर संशय शे ना? मग दोघं इथंच राहू द्या. तिकडची टाकी रिकामी ठेवू. किडा उपाशी मरतो, तुम्हीच सांगितलं. का हो अक्का, दोन बाळंतिणी एका खोलीत चालतात ना?"

"चालतात," अक्का म्हणाली.

सर पाढा म्हणावा तसे ओठ हलवत राहिले. चूक त्यांनाही सापडेना.

मी डायरीचं नवं पान काढलं. दिवस पहिला. मासे दोन. नानांनी हात धुतला.