चाळीस मिनिटं म्हशीची

लग्नाची पंधरा दिवसांची रजा संपवून शाळेत रुजू झाले आणि त्याच आठवड्यात सातवीला निबंध दिला, 'मी पाहिलेला लग्नसोहळा'. त्यात माझा काही हेतू नव्हता. विषय दरवर्षीचाच आहे. आमच्या डोंगरकडा गावात लग्नसराई सुरू झाली की प्रत्येक लेकरानं दोन-चार मांडव पाहिलेले असतात, त्यामुळे काही सुचत नाही अशी तक्रार कुणाला करता येत नाही. कुणी मामाचं लग्न लिहील, कुणी ताईचं, असं मी धरून चालले होते. एकतीस वह्या जमा झाल्या. त्यातल्या सव्वीस वह्यांत माझंच लग्न होतं.

चूक माझीच. मी याच गावची, शाळाही इथलीच, लग्न विहारासमोरच्या मैदानात. आठवडाभर आधी मी वर्गात उभी राहून सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. सगळी आली होती आणि सगळ्यांनी पोटभर पाहिलं होतं.

लग्नानंतर आम्ही आखाडा बाळापूरला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तिथंच शनिवारी दुपारी मी वह्यांचा गठ्ठा सोडला. नवरा दवाखान्यात गेला होता. ते पशुवैद्यकीय दवाखान्यात आहेत, लोक त्यांना ढोरांचे डॉक्टर म्हणतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. मी लाल पेन घेऊन बसले, पण पहिल्या चार-पाच वह्यांत पेन चाललंच नाही.

'लग्न हा आपला राष्ट्रीय सण आहे,' अशी एकाची सुरुवात होती. एकीनं लिहिलं होतं, 'मॅडम रोज रागावतात. त्या दिवशी त्या गप्प होत्या म्हणून सुंदर दिसत होत्या.' त्या महिन्यात मी वाक्प्रचार शिकवले होते, ते सगळे माझ्या मांडवात येऊन बसले होते. 'मठ्ठा पिऊन माझ्या डोळ्यांचे पारणे फिटले.' 'मॅडमचे वडील कंबर कसून जेवत होते.' 'ऊन फार होते. जार संपले आणि पाहुण्यांच्या तोंडचे पाणी पळाले.' या शेवटच्या वाक्यात चूक काय आहे ते मला बराच वेळ सापडेना, म्हणून मी त्याला पूर्ण गुण दिले.

मग सातवी की आठवी वही उघडली. पोरगा गणितात हुशार, भाषेत जेमतेम. त्यानं लिहिलं होतं, 'मॅडमचे लग्न व्हायला छत्तीस वर्षे लागली. त्यात चाळीस मिनिटे म्हशीची.'

छत्तीस वर्षं बरोबर होती. म्हैस कुठली, ते मला कळेना.

चाळीस मिनिटं मात्र मला आठवत होती. लग्नाची वेळ साडेबाराची होती. मी पांढरी साडी नेसून विहाराच्या बाजूच्या खोलीत तयार बसले होते. साडेबारा झाले, पाऊण झाला, कुणी बोलवायला येईना. मी मावशीला विचारलं, तर ती म्हणाली माईक बिघडला आहे. त्याच माईकवरून तेव्हा गाणी वाजत होती. मी तसं म्हटल्यावर ती म्हणाली की गाण्यांचा माईक वेगळा आणि वंदनेचा वेगळा, आणि आजच्या दिवस तरी मी प्रश्न विचारू नयेत. एक वाजून दहा मिनिटांनी मला बाहेर नेलं. त्रिशरण-पंचशील झालं, प्रतिज्ञा झाली, फुलांच्या पाकळ्या पडल्या, आणि त्या सगळ्यात मी माईक विसरून गेले.

आणखी एक गोष्ट होती. फोटो आले तेव्हा नवऱ्याच्या सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या जरा खाली येऊन संपलेल्या दिसल्या. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, शिंप्यानं माप चुकवलं. मी ते मान्य केलं होतं.

आता मी पेन बाजूला ठेवलं आणि उरलेल्या वह्या नुसत्या म्हशीसाठी चाळायला लागले. ती जवळजवळ सगळीकडे होती. पोरांनी मांडव दोन ओळींत उरकला होता आणि म्हशीला पानं दिली होती. फक्त कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं. एकाच्या मते नवरदेव म्हशीला पाहून बेशुद्ध पडले. एकानं दोर ओढणारी माणसं पंधरा लिहिली होती, दुसऱ्यानं चार. एकीच्या निबंधात रेडकाला दोन तोंडं होती. तीन जणांनी लिहिलं होतं की मॅडमचे वडील गोठ्यात उकिडवे बसले होते. त्यावर माझा विश्वास बसेना. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी ते वेळेच्या दहा मिनिटं आधी चपला घालून दारात उभे असतात. पोरीच्या लग्नाची वेळ टळत असताना ते कुणाच्या गोठ्यात बसतील, हे मला शक्य वाटत नव्हतं.

तळाशी एका मुलीची वही होती. दुसऱ्या बाकावर बसते, वर्षभर कुठल्याही विषयावर चार ओळींच्या पुढं जात नाही. पाऊस असो की माझी आई, चार ओळी आणि खाली रेघ. या वेळी तिनं तीन पानं भरली होती. त्यात गाईडमधलं एक वाक्य नव्हतं, एक वाक्प्रचार नव्हता. तिचं घर मैदानामागच्या गल्लीत आहे, दूध घालणाऱ्या चाचीच्या घराला लागून. चाचीला मी लहानपणापासून ओळखते. आमच्या घरी दूध तिचंच.

मुलीनं जे लिहिलं होतं ते असं. चाचीची म्हैस सकाळपासून विताना अडली होती. रविवार असल्यामुळे डॉक्टर मिळत नव्हता, फोन लागत नव्हते. चाची अंगणात डोक्याला हात लावून बसली होती. तेवढ्यात मांडवातल्या माईकवरून पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्यानं नवरदेवाची ओळख सांगितली, शिक्षण सांगितलं, नोकरी सांगितली. ते ऐकून चाची उठली, ओढणी सारखी केली आणि सरळ मांडवात आली. आल्यावर मात्र तिला बोलता येईना. ती खुर्च्यांच्या कडेला उभी राहिली. मुलगी तिच्या मागोमाग आली होती, तीच पुढं झाली आणि नवरदेवाला म्हणाली की चाचीची म्हैस मरून राहिली.

पुढचं मी तिच्याच शब्दांत उतरवून ठेवलं आहे.

'सरांनी चाचीला विचारले, किती वेळ झाला. चाची म्हणाली, फजरपासून. सरांनी हातातले घड्याळ काढले आणि मॅडमच्या वडिलांकडे दिले. मॅडमच्या वडिलांनी घड्याळ पाहिले. ते म्हणाले, जायलाच पाहिजे का. सर म्हणाले, पाहिजे. मग मॅडमचे वडील म्हणाले, चला, मी पण येतो.'

गोठ्यात अंधार होता म्हणून वडिलांनी मोबाईलचा उजेड धरला. चाचीनं साबण आणि गरम पाणी आणलं. रेडकाचा डावा पाय आत दुमडलेला होता. सरांनी बाह्या वर केल्या, पण त्या पुन्हा पुन्हा खाली येत होत्या, शेवटी त्यांनी सदरा तसाच भिजू दिला. पाय सरळ झाल्यावर दोर लावला आणि सरांच्या भावानं, चाचीच्या दोन पुतण्यांनी आणि मॅडमच्या वडिलांनी मिळून ओढला. म्हणजे चारच माणसं होती. मादी रेडकू, म्हणजे वगार झाली. आधी ती हलत नव्हती. सरांनी तिच्या नाकातलं पुसलं, काडीनं नाकात गुदगुल्या केल्या, मग ती शिंकली. 'ती शिंकल्यावर सगळे हसले. चाची रडली.'

आणि शेवटच्या परिच्छेदात हे होतं:

'परत येताना मॅडमच्या वडिलांनी सगळ्यांना सांगितले की हे तिला आता सांगू नका. नाहीतर ती पण बघायला येईल.'

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग एकटीच हसले, आणि हसता हसता मला जरा रडूही आलं. मला वाटत होतं की त्यांनी लपवलं असेल तर माझ्या रागाच्या भीतीनं, किंवा शुभ दिवशी असं काही सांगू नये म्हणून. तसलं काही नव्हतं. वडील मला ओळखत होते. मी खरंच गेले असते, पांढऱ्या साडीत.

हे त्यांना ठाऊक असायला कारण होतं. माझं लग्न लांबलं ते माझ्या प्रश्नांमुळे, असं आमच्याकडे सगळे मानतात. बघायला आलेल्या मंडळींना मी विचारत बसायचे. एकाचं कापडाचं दुकान होतं, त्याला विचारलं की न खपलेल्या साड्यांचं शेवटी काय होतं. एक जण धरणाच्या कालव्यावर नोकरीला होता, त्याला विचारलं की सिद्धेश्वरचं पाणी सुटलं की शेवटच्या शेतापर्यंत पोचायला किती दिवस लागतात. त्याला सांगता आलं नाही. मुलगी शिकलेली आहे पण फार विचारते, असा निरोप यायचा. ढोरांचे डॉक्टर आले तेव्हा वडिलांनी मला आधीच बजावलं होतं. तरी माझ्या तोंडून गेलंच, की म्हशीला कुठं दुखतं हे तुम्हाला कळतं कसं, ती तर सांगत नाही. ते अर्धा तास त्यावर बोलले. कान कसे धरते, कुठल्या पायावर भार देते, दात कसे खाते. चहा निवला. वडील तेव्हा दारात उभे राहून ऐकत होते.

संध्याकाळी नवरा घरी आला. मी हातपाय धुऊ दिले, चहा दिला आणि मग विचारलं की सदऱ्याचं माप शिंप्यानं नक्की कसं चुकवलं.  मग समोरच्या वह्या त्यांना दिसल्या.

"सदरा भावाचा होता," ते म्हणाले. "माझा चाचीच्या वळणीवर वाळत होता."

मी विचारलं की पंधरा दिवसांत सांगितलं काहून नाही. ते म्हणाले, पहिल्या दिवशी माझ्या वडिलांनी शब्द घेतला होता, दुसऱ्या दिवशी पाहुणे होते, आणि मग मी बाह्यांचं विचारलं तेव्हा तोंडाला येईल ते बोलून गेले. एकदा शिंप्याचं नाव घेतल्यावर माघार कशी घ्यावी ते त्यांना कळेना. त्या बिचाऱ्या शिंप्याबद्दलच त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

मी त्यांना मुलीचा निबंध वाचायला दिला. ते पेशंटचा कागद वाचावा तसे वाचत होते. दुसऱ्या पानावर थांबले आणि म्हणाले की डावा पाय नव्हे, उजवा. मी म्हटलं, निबंधात एवढं चालतं. ते म्हणाले, कसं चालेल. शिसपेन्सिल घेऊन त्यांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'उजवा पाय'. खाली लिहिलं, 'बाकी सर्व बराबर.'

सोमवारी वह्या वाटल्या. मधल्या सुट्टीत ती मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. समासातलं अक्षर माझं नाही हे तिनं ओळखलं होतं. मी सांगितलं कुणाचं ते. ती जराशी लाजली, पण हलली नाही.

"मॅडम, म्या समोरून पाह्यलं," ती म्हणाली. "सर मागून होते."

 म्हशीच्या मागं उभ्या राहिलेल्या माणसाचा उजवा आणि समोरून बघणाऱ्या मुलीचा डावा, हे जुळत होतं खरं. पण पाय वगारीचा, मग उजवा-डावा वगारीचा मोजायचा की बघणाऱ्याचा? मी तिला म्हटलं, तूच लिही. तिनं तिथंच उभ्यानं पेन्सिलीच्या ओळीखाली लिहिलं, 'माझ्या बाजूने डावा.'

मग मी तिला विचारलं की एरवी चार ओळी लिहितेस, आणि या वेळी तीन पानं कशी काय. ती म्हणाली, बाकीच्या विषयांत काय लिहायचं ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. हे तुम्हाला माहीत नव्हतं.

पंधरा वर्षं मी निबंध शिकवते आहे. हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

गुणांचा प्रश्न राहिलाच होता. विषय सोडून भरकटलं की मी गुण कापते, हे सगळ्या वर्गाला ठाऊक आहे. तिच्या तीन पानांत लग्न अडीच ओळींचं होतं. आधी मी दहापैकी सात दिले होते. ते खोडून नऊ केले. एक गुण शुद्धलेखनाचा कापला, तो कापावाच लागला.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी चाचीकडे गेलो. मी येणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती मला बघून हसायला लागली आणि म्हणाली की एवढे दिवस कशी राहिलीस. वगार दावणीला बांधलेली होती, काळी कुळकुळीत, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. मी जवळ बसले तशी तिनं माझा पदर तोंडात घेतला. मी चाचीला विचारलं की जन्मल्यावर पहिल्यांदा ती किती वेळानं उभी राहिली. चाची सांगायला लागली. मधेच मुलगी म्हणाली तसं न्हाई, त्याच्याही आधी, आणि दोघींचं त्यावरून जुंपलं. मी पदर न सोडवता ऐकत बसले.