राणीच्या पोटात पिल्लं नव्हती

परवा लाखनीजवळ एका अंगणातून धानाच्या तणसाचा वास आला आणि आमची राणी कुत्री आठवली. माझ्या लहानपणी एका वर्षी तिचं पोट फुगलं, दूधही आलं. तणसात खळगा करून तिनं माझी चिंध्यांची बाहुली तिथं नेली आणि दिवसभर तिला चाटत बसायची. आम्ही सगळे पिल्लांची वाट पाहत होतो.

जनावरांच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं, मशीन लावून पाहिलं. म्हणाले, "पिल्लं नाहीत. खोटी गाभण आहे. होतं असं कुत्र्यांत. बाहुली काढून घ्या, दूध हळूहळू आटेल."

मी बाहुलीकडे हात नेला, तसा वहिनीनं रडत तो धरला. "आज नोको घेऊ, बाई. तिले आपलं लेकरूच वाटून राहिलं."

वहिनीचं बाळ पोटातच गेल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. ती कुत्रीसाठी काहून रडते, हे मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीनंच बाहुली उचलली आणि राणीचं डोकं मांडीवर घेऊन दुपारपर्यंत तणसात बसून राहिली. आईनं एकटीनं सगळा स्वयंपाक केला, पण वहिनीला हाक मारली नाही.