रुद्रसेनच्या बाजूनं

डायलिसिसच्या खुर्चीत एकदा बसलं की चार तास उठायची सोय नाही. एका हातात सुया, एक हात मोकळा, आणि तोंड तर पूर्णच मोकळं. अशा जागी किस्से गोळा करावे लागत नाहीत. तेच येऊन शेजारी बसतात.

मी पिपरी मेघेत राहतो. बँकेतून रिटायर झालो आणि पाठोपाठ किडन्यांनीही राजीनामा दिला. वेळ जावा म्हणून मोकळ्या हातानं मोबाईलवर कादंबरी लिहायला घेतली. विज्ञानकथा, चांगली तीन भागांची. दूरच्या ग्रहावर माणसांची वसाहत. नायक नील. आणि वसाहतीला हवा पुरवणाऱ्या कारखान्याचा प्रमुख रुद्रसेन, तो खलनायक.

माझ्या एका बाजूला नालवाडीचे मेश्राम सर, रिटायर हेडमास्तर. दुसऱ्या बाजूला गजाननभाऊ, त्यांचा जाम गावाला हायवेवर ढाबा. आणि आम्हा तिघांवर राज्य सिस्टर मायाचं. आल्याबरोबर ती वजन घेते, आणि पाणी जास्त प्यायलेला तिथंच सापडतो.

"एकटाच काय हासून राह्यला भाऊ? आमालेबी वाच," गजाननभाऊ म्हणाले, आणि वाचन सुरू झालं.

* * *

पहिल्याच प्रकरणात एका दालनातून हवा गळायला लागते. बाकीची वसाहत वाचावी म्हणून रुद्रसेन त्या दालनाचं दार बंद करतो. आत माणसं असतात. एवढं वाचून मी थांबलो. आता रुद्रसेनला शिव्या पडणार, अशी माझी खात्री.

"याले वाईट काऊन म्हनता?" गजाननभाऊंनी विचारलं.

"अहो, आत माणसं होती."

"माह्या भटारखान्यात सिलिंडर पेटला, तवा मी शटर पाडलं. बाहेर गिऱ्हाईक जेवून राह्यले होते, लेकरंबाळं होते. आत कोनी नव्हतं. पन हे मले शटर पाडल्यावर समजलं."

त्या दिवशी पुढचं प्रकरण कोणी मागितलं नाही.

* * *

नील आजारी बहिणीसाठी कोठारातून औषध चोरतो, हे प्रकरण मात्र सगळ्यांना आवडलं. मेश्राम सरांनी तर मोकळ्या हातानं मांडीवर थाप मारून दाद दिली.

सिस्टर माया माझं बीपी घेत होती. पट्टा सोडता सोडता म्हणाली, "काका, ते औषध कोणासाठी ठेवलं होतं?"

"ते मी लिहिलं नाही."

"मग लिहा ना."

कादंबरी तीन प्रकरणांनी वाढली. नील तेव्हापासून नीट झोपला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही.

* * *

हात दुखायचा म्हणून मी मोबाईलला बोलून मजकूर सांगायला लागलो. तो मोबाईल शेजाऱ्यांचंही ऐकतो, हे मला घरी गेल्यावर कळलं. लाल वाळवंटात, दोन सूर्यांखाली, नील तलवार उपसून शत्रूला म्हणत होता, "सिस्टर, वजन दोन किलो कमी लिवजो ना."

मी ते खोडणार होतो. मेश्राम सर म्हणाले, "राहू द्या. नायक खोटं बोलतो तेव्हा कुठं ओळखीचा वाटतो."

* * *

मेश्राम सरांनी मला एकदाच टोकलं. दुसऱ्या भागात मी शत्रूचा अख्खा ग्रह रंगवला होता. सगळे क्रूर, सगळे कपटी, जन्मतःच तसे.

 सर म्हणाले, "सगळेच वाईट?"

"गोष्ट आहे सर."

"आमच्या वस्तीबद्दलही गावात गोष्टच सांगायचे." आवाजात राग नव्हता. "एक काम करा. त्या ग्रहावर एक शाळा टाका."

मी शाळा टाकली. मुलं पाढे म्हणू लागली, आणि त्या ग्रहावर बॉम्ब टाकायला नीलचा हात काही उठेना. युद्धच रद्द करावं लागलं. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं लिखाण ते. त्यासाठी सरांचे आभार मानायला गेलो, तर म्हणाले, "हेडमास्तर कोणाला केलं, ते आधी सांगा."

* * *

मागच्या उन्हाळ्यात गजाननभाऊंची मशीन बंद पडली. आदल्या दिवशी एका लग्नात त्यांनी मनसोक्त मठ्ठा प्यायला होता. आले तेच धापा टाकत, ओठ निळे. दुसरी मशीन रिकामी नव्हती. मी नुकताच माझ्या खुर्चीत बसलो होतो, सुया लागायच्या होत्या.

सिस्टर मायानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"काका, तुम्ही उद्या सकाळी या."

मी चिडलो. "मठ्ठा यानं प्यायचा आणि घरी मी जायचं?"

"हो," ती म्हणाली.

मी उठलो. गजाननभाऊ माझ्याकडे न पाहता माझ्या खुर्चीत बसले. ती रात्र मी भिंतीला उशी लावून बसून काढली, आडवं झालं की दम लागायचा.

सकाळी रिक्षानं पोचलो, तर दाराबाहेरच्या बाकावर गजाननभाऊ. जामहून पहिल्या बसनं आलेले.  माझ्या मागोमाग आत आले आणि भिंतीशी उभे राहिले.

"तुमचं आज नाही ना?" सिस्टर मायानं विचारलं.

"मालूम हाय."

तिनं मला सुया लावल्या, मशीन सुरू केली. नळी लाल करत रक्त पुढं सरकलं, मशीनपर्यंत गेलं, फिरून परत माझ्या हातात आलं. गजाननभाऊंनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग चपला घातल्या आणि जामची बस पकडायला निघून गेले.