भरल्या घरचा परिचय

तो लिफ्ट दुरुस्त करतो. आयुष्याचा मोठा भाग त्याने इमारतींच्या गच्चीवरच्या यंत्रखोलीत, पोलादी दोरांना वंगण लावण्यात आणि दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी बंद दरवाज्याआडून बोलण्यात घालवला आहे. "आत दिवा चालू आहे ना? मग घाबरायचं काही कारण नाही. दाराला हात लावू नका. मी इथंच आहे." त्या आवाजाने रडणारी मुले गप्प होतात आणि ओरडणारे साहेब नरमतात. मात्र ज्यांचे चेहरे दिसतात अशा चार माणसांपुढे त्याला उभे केले की त्याची जीभ टाळूला चिकटते. त्याची बायको म्हणते, "ह्यांना बोलतं करायचं तर मध्ये दार लावून घ्यावं लागतं."

बायको पडदे शिवते. घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, आतल्या खोलीत मुलीची पुस्तके. आल्यागेल्याला काही खाल्ल्याशिवाय तिने उंबरा ओलांडू दिल्याचे कोणाला आठवत नाही. विजेचा मीटर वाचायला येणारा माणूससुद्धा आधी तोंड पुसतो आणि मग आकडा लिहितो, अशी शेजाऱ्यांची थट्टा होती. त्या घरात गरिबी नव्हती, काटकसर होती. या दोहोंतला फरक ज्यांना कळत नाही, ते बहुधा दोहोंपासून सारखेच दूर असतात.

मुलीला फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तेव्हा पहिल्या वर्षाची फी बचतीतून गेली. त्यानंतर त्याच्या कंपनीच्या हातून बऱ्याच इमारती निसटल्या आणि जादा कामाचे पैसे बंद झाले. दुसऱ्या वर्षाची फी कुठून आणायची हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारत नव्हते. ज्या इमारतीत सेवा मंडळाच्या सभा भरत, तिथली लिफ्ट त्याच्याकडे होती. मंडळाचा सचिव चष्म्यांचा दुकानदार. त्याने एकदा लिफ्टची वाट पाहता पाहता चौकशी केली आणि म्हणाला, "अहो, मग मुलीला घेऊन या की गुरुवारी. मंडळ कशासाठी आहे?"

मंडळाची एक रीत होती. विद्यार्थ्याची फी मंडळाच्या खात्यातून जात नसे. कुटुंबाने सभेपुढे येऊन आपला परिचय करून द्यायचा. तो ऐकून एखाद्या सभासदाने हात वर करायचा आणि त्या विद्यार्थ्याचे पालकत्व घेऊन त्याची फी भरायची. हात वर झाला नाही तर नाव पुढच्या सभेवर जाई, आणि पुढच्या सभेपर्यंत महाविद्यालयाची मुदत थांबणार नव्हती. ही रीत दुष्ट हेतूने पडलेली नव्हती. आपला पैसा कोणापर्यंत पोचतो हे देणाऱ्याने डोळ्यांनी पाहावे, इतकाच तिचा हेतू. परंतु त्यामुळे मागणाऱ्याला आपली गरज केवळ सांगून भागत नसे. ती रंगवावी लागे.

त्या गुरुवारी अध्यक्षीणबाईंनी घंटा वाजवली. त्या दातांच्या डॉक्टर होत्या, आवाज मऊ होता. सर्वांनी उभे राहून सेवेची प्रतिज्ञा म्हटली. वाढदिवस असलेल्या सभासदांसाठी टाळ्या झाल्या. सचिवाने कामांचा अहवाल वाचला: रक्तदान शिबिर, बसथांब्यावर मंडळाचे नाव कोरलेले बाक, रस्त्याकडेला लावलेली झाडे.

"झाडं जगली का?" मागून कोणी तरी विचारले.

"पाट्या जगल्या," सचिव म्हणाला, आणि सभा मनमोकळी हसली.

मग बापलेकींना पुढे बोलावण्यात आले. माइक त्याच्या हातात देण्यात आला. तो म्हणाला, "मी लिफ्टचं काम करतो. मिसेस पडदे शिवतात. ही मुलगी. हुशार आहे." पुढे काही सुचेना.

"घरच्या अडचणी सांगा ना," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"अडचणी म्हणजे… काम कमी झालंय सध्या. बाकी तसं सगळं ठीक आहे."

सभागृहात कोणी खोकले, कोणी घड्याळ पाहिले. सचिवाने डोळ्यांनी खुणावून पाहिले. एकही हात वर गेला नाही. अध्यक्षीणबाईंनी पुढच्या विषयाचा कागद उचलला, आणि त्याच क्षणी मुलीने बापाच्या हातातून माइक घेतला.

"बाबा मानी आहेत. ते सांगणार नाहीत," ती म्हणाली. "आमच्याकडे रात्री एकच ताट वाढलं जातं. ते माझं. आई म्हणते, मला भूक नाही. बाबा म्हणतात, मी बाहेर खाऊन आलो. दोघं खोटं बोलतात, हे मला माहीत असतं. तरी मी जेवते. कारण दुसऱ्या दिवशी मला वर्गात उभं राहायचं असतं."

अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढला आणि त्याच्याकडे पाहिले. "खरं आहे का हो हे?"

त्याने मुलीकडे पाहिले. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. माइकच्या दांड्यावर तिची बोटे पांढरी पडली होती.

"हो," तो म्हणाला.

पहिला हात फरशीच्या व्यापाऱ्याचा वर गेला, त्यामागोमाग आणखी दोन. फरशीवाल्यांचे नाव पालक म्हणून जाहीर झाले. छायाचित्र काढणाऱ्याने बापाला विनंती केली, "काका, तुम्ही जरा बाजूला व्हा. पालकांना मुलीजवळ उभं राहू द्या."

परतताना ते जिन्याने उतरले. मधल्या मजल्यावर मुलगी थांबली. "तुम्ही 'ठीक आहे' म्हणालात, तेव्हा एकानं तरी हात वर केला का?"

"नाही."

"मग रागावलात कशाला?"

"मी कुठं रागावलोय? आईला सांगू नकोस, एवढंच."

तो रागावला नव्हता हे खरेच होते. मुलीच्या खोट्याला तो मनातल्या मनात क्षमा करून मोकळा झाला होता. त्याला सलत होते ते वेगळेच. 'हो' म्हणताना त्याने मान खाली घातली होती, खांदे पाडले होते, आणि बायकोने कडक इस्त्री केलेल्या शर्टाच्या बाह्या मागे दडवल्या होत्या. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. भुकेल्या माणसाचे सोंग आपल्याला इतके सहज साधले, हा शोध त्याला आत कुरतडत राहिला.

रविवारी दुपारी अध्यक्षीणबाई, सचिव आणि फरशीवाले घरी आले. सोबत धान्याची पिशवी आणि दोन ब्लँकेटे होती. सर्वांवर मंडळाचे नाव छापलेले. बायकोला वाटले, हुशार मुलीला भेटायला थोर माणसे आली आहेत. "बसा, बसा, आलेच," म्हणत ती चुलीकडे वळली. तो पाहुण्यांसमोर गुडघ्यांवर हात ठेवून बसला. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

परतलेल्या बटाट्यांवर फोडलेली अंडी, कडेला टोमॅटोच्या फोडी, अशा तीन वाफाळत्या ताटल्या बायकोने पुढे ठेवल्या. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले.

"नको नको, वहिनी. आम्ही आत्ताच जेवून निघालो," सचिव म्हणाला.

"चालत नाही तसं. ह्या घरात तोंड हलवल्याशिवाय कोणी जात नाही. दोन घास तरी घ्या."

अध्यक्षीणबाईंनी अतिशय मायेने तिचे मनगट धरले. "ताई, हे राहू द्या. रात्रीला होईल तुम्हाला."

"रात्रीला?" बायको हसली. "रात्रीचं वेगळं करीन की. चहा तरी?"

"चहासुद्धा नको."

फरशीवाल्यांचे डोळे भरून आले. ते हात जोडून म्हणाले, "स्वतः उपाशी झोपून पोरीला शिकवता, आणि वर आमच्यापुढे ताटल्या मांडता. वहिनी, तुमच्यापुढे आम्ही लहान आहोत." तिघेही उठले. ताटल्यांना कोणाचा हात लागला नव्हता.

दार लागले. बायको पिशवीवरचे छापील नाव वाचत उभी राहिली. मग म्हणाली, "उपाशी कोण झोपतं?"

"मी तसं सांगितलं सभेत," तो म्हणाला.

"तुम्ही?"

"हो."

"अहो, परक्या माणसापुढे तुमच्या तोंडून स्वतःचं नाव धड निघत नाही. एवढं रचून तुम्ही सांगणार?" ती आतल्या खोलीकडे वळली. "बाहेर ये."

मुलगी बाहेर आली. "आई, फी—"

"फी भरली जाईल. तिच्यासाठी जे द्यायचं ते तुम्ही देऊन आलात. मी विचारते ते सांग."

"मी बोलले. बाबांनी फक्त हो म्हटलं."

"फक्त!"

शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता. बायकोने एक ताटली उचलून मुलीपुढे ठेवली. "बस. खा."

"आई, असं नको ना."

"तुझ्या आईला भूक नाही. तुला माहीतच आहे. खा, गार होतंय."

मुलगी खाली बसली. घास तोंडात फिरत राहिला, डोळ्यांतले पाणी ताटलीत पडत राहिले, पण ती खात राहिली. तो उठला, कोणी न सांगता दुसरी ताटली ओढून मुलीशेजारी बसला.

"तुम्हाला कोणी वाढलं?" बायकोने विचारले.

"मी हो म्हणालो होतो."

दोघांच्या ताटल्या रिकाम्या होईपर्यंत बायको शिवणयंत्राला टेकून उभी होती. त्याने शेवटचा घास गिळला आणि तो हात धुवायला उठणार, तेवढ्यात तिने तिसरी ताटली त्याच्यापुढे सरकवली. त्याचे पोट केव्हाच भरले होते. त्याने ती जवळ घेतली आणि मान वर न करता, गार झालेली अंडी तोडून, एकेक घास खाली उतरवीत तीही संपवली.

"आणखी वाढू?" बायकोने विचारले.